उंबराचे निर्दोष पराग

देऊळघाटचे वैजनाथ सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. शिकवण्याची खोड मात्र निवृत्त झाली नाही. दिवाळीत त्यांनी पांढरीशुभ्र गाडी घेतली आणि शेजारच्या मंजुळाबाईंच्या उंबराची पिकली फळं तिच्यावर पटापट पडू लागली. त्याच आठवड्यात सरांना शिंका सुरू झाल्या.

"उंबराच्या परागांनी दमा होतो. झाड तोडा," सरांनी फर्मावलं.

"दत्ताचं झाड हाये ते. तुमच्या शिंकेपायी काऊन तोडू?" मंजुळाबाई म्हणाल्या.

अडाण्यांशी काय वाद घालायचा, म्हणून सरांनी पराग चिकटावेत यासाठी काचपट्टीला व्हॅसलीन फासून ती झाडाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत सूक्ष्मदर्शक मांडला.

"बघा, परागाच्या अंगभर काटे! हेच नाकात घुसतात."

सरपंच ज्ञानेश्वर नाक दाबूनच मागे सरले. झाड तोडायचं जवळपास ठरलंच होतं.

सर तिथंच थांबले असते तर जिंकले असते. पण समोर माणसं बसलेली दिसली की त्यांना राहवत नसे. त्याच झाडाचं पिकलं उंबर त्यांनी सगळ्यांदेखत चिरलं. आतून इवलाली चिलटं बाहेर आली.

"उंबराची फुलं फळाच्या आतच असतात. पराग वाऱ्यावर उडत नाहीत, ही चिलटंच ते अंगावर वाहून नेतात," सर रंगून सांगत होते. बोलता बोलता त्यांनी आतले पराग काचेखाली घातले, वाकून पाहिलं, आणि नळी खालीवर करून पुन्हा पाहिलं.

सरपंच डोकावले. "सर, हे तं बारीक अन् गुळगुळीत दिसून राह्यले. काटे कुठी गेले?"

मागून सरांच्या पत्नी वासंतीबाई बोलल्या. त्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. "काटेवाले गाजरगवताचे. आपल्याच कुंपणाला कमरेएवढं माजलंय. पावसाळ्यापासून सांगतेय, उपटा म्हणून."

सरांनी चष्मा पुसला. "मलाही हेच सिद्ध करायचं होतं."

गवत वासंतीबाईंनीच उपटलं. शिंका थांबल्या. पुढच्या ग्रामसभेत सरांनी 'उंबर बचाव समिती' काढली आणि दुसरं कुणी सुचवायच्या आत स्वतःच अध्यक्ष झाले. उंबर वाचवल्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला. पंचायतीनं सांगितल्यामुळे शाल मंजुळाबाईंनाच सरांच्या खांद्यावर घालावी लागली. उत्तरादाखल सर गुळगुळीत परागांवर तासभर बोलले. ते रंगात यायच्या आत मंजुळाबाई म्हशीच्या धारा काढायला उठून गेल्या.