सकाळच्या शाळेतले गैरहजर

पन्नासच्या दशकात सिंदेवाहीपलीकडे, जंगलाला लागून असलेल्या दोनशिक्षकी शाळेत मी नवीन बाई होते. मार्च लागला, उन्हामुळे शाळा सकाळची झाली आणि निम्मा वर्ग रिकामा पडला. हेडमास्तर म्हणाले, "या पोरायले शाळेची गोडीच नाई." मला असली मोघम उत्तरे चालत नाहीत. मी गैरहजर मुलांची यादी केली आणि घरोघर जाऊन प्रत्येक नावापुढे कारण लिहिले. सगळी घरे गोंडांची, कारण एकच: मोह.

मोहाची फुले पहाटेपासून गळतात. ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर गुरे खाऊन टाकतात. पावसाळ्यात घराचे पोट त्या वाळवलेल्या फुलांवर चालते, म्हणून लहानथोर सगळे वेचायला जातात. नेमकी तेव्हाच आमची घंटा वाजायची. शाळा दुपारची होती तोवर हीच मुले रोज येत होती!

चौथीतली एक मुलगी तरीही यायची. दहाला, धावत, हाताला मोहाचा चिकटा. गणितात तिच्या पुढे कोणी नव्हते. पास झाली असती तर त्या टोल्यावरची, म्हणजे गोंडांच्या त्या वस्तीतली, चौथी झालेली पहिली मुलगी. हेडमास्तर तिला दारातूनच परत पाठवत.

तिचा बाप मला भेटला. "मोह दुपारी पडत नाई, बाई. शाळाच दुपारी भरवा ना."

परीक्षेपर्यंत शाळा अकराला भरवावी, एवढेच मी हेडमास्तरांना सुचवले. ते तालुक्याहून सायकलने येत आणि शाळा सकाळची झाल्यापासून दुपारचे जेवण घरी घेत.

"जंगलाच्या सोयीनं शाळा भरवू? उद्या म्हणाल, अस्वलाले इचारून घंटा वाजवा!"

त्यांनी हजेरीपट आणि लाल शाई माझ्यापुढे सरकवली. फार दिवस गैरहजर म्हणून नावे कमी करायची होती. मी केली. तिचेही केले. राग त्यांचा येतो, पण रेघ मी मारली.

परीक्षेच्या दिवशी ती सर्वांच्या आधी आली, केसांना तेल लावून. तपासणीला आलेल्या साहेबांनी यादी पाहिली. "हिचं नाव कुठे आहे?"

हेडमास्तर माझ्याकडे पाहू लागले.

"कमी केलंय," मी म्हणाले.

तिने पाटी उचलली आणि गेली.

साहेबांनी जाताना शेरा लिहिला: हजेरी उत्तम. खोटे काहीच नव्हते त्यात. पटावर जी उरली होती, ती मुले रोज येत होती.