सासऱ्यांसाठी निवडलेला चाकू

माझे सासरे एका रोपवाटिकेत कलमं बांधतात. छत्तीस वर्षं झाली. रोपाच्या खोडाला चीर द्यायची, चांगल्या झाडाची फांदी पाचरीसारखी तासून तिच्यात बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची. दोन्ही काप एकमेकांना नीट भिडले तर कलम जगतं, नाहीतर फांदी सुकून जाते. सासऱ्यांची शंभरातली पंच्याण्णव जगायची. हे ते स्वतः कधी सांगत नसत, त्यांचा मालक सांगायचा.

त्यांच्याकडे एक घडीचा चाकू होता. लाकडी मूठ, पातं घासून घासून निम्मं झालेलं. पेन्सिल, दोरी, फळ, कलम, सगळं त्याच एका चाकूवर. मला तो डोळ्यांत खुपायचा. माझी एक खोड आहे, काही विकत घ्यायचं ठरलं की मी त्या विषयातला पंडित होतो. पंधरा दिवस फोनवर नुसते चाकू पाहिले. पोलाद कुठलं, पातं किती लांब, ओलं राहिलं तर गंजतं का, एका हातानं उघडतं का, उघडलेलं पातं अडकवून धरणारा खटका पक्का आहे का. बायको म्हणाली, "एवढा अभ्यास शाळेत केला असतास तर." मी लक्ष दिलं नाही.

दुकानदार म्हातारा होता. मी सांगितलेला चाकू काढण्याआधी त्यानं विचारलं, "वापरणाऱ्याचा हात कोणता?"

"दोन्ही आहेत त्यांना," मी म्हणालो.

शेजारचं गिऱ्हाईक हसलं, मीही हसलो. दुकानदार हसला नाही. त्यानं मुकाट्यानं चाकू बांधून दिला.

रविवारी सासरे जेवायला आले तेव्हा मी तो त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, पातं उघडून मिटलं. "भारी आहे हो. कशाला एवढी तसदी घेतलीत, जावईबापू?" मी तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. "आता तो म्हातारा मला द्या," म्हणत मी त्यांचा जुना चाकू उचलून खिशात घातला. त्यांचा हात जरासा पुढे आला आणि परत मागे गेला. मी ते पाहिलं होतं, हेच आता जास्त लागतं. दोन दिवसांनी त्याच चाकूनं रंगाचा डबा उघडायला गेलो आणि टोक मोडलं. दिला खणात टाकून.

महिन्याभरानं गॅलरीसाठी दोन रोपं आणायला रोपवाटिकेत गेलो. कलमांच्या टेबलाशी सासरे नव्हते. मागच्या शेडमध्ये स्टुलावर बसून रोपांना अडकवायच्या पट्ट्यांवर ते नावं लिहीत होते. भराभर, सुबक अक्षरात, डाव्या हातानं.

मी दारातच थबकलो. जेवतात उजव्या हातानं, म्हणून आपल्या लक्षात आलं नसेल, अशी सबब मी स्वतःला देऊन पाहिली. ती टिकली नाही. अकरा वर्षं दर रविवारी ते माझ्यासमोर बसून घरातल्या पेन्सिली तासून देतात.

"टेबल सोडलंत?" मी विचारलं.

"मालक म्हणाला, थोडे दिवस बसून काम करा. या खेपेला कलमं जगली नाहीत."

त्यांच्या वयाचा माणूस त्या टेबलापासून एकदा हलवला की परत तिथं येत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. झाडांना पाणी घालणारी बाई पाइप बाजूला ठेवून म्हणाली, "खरं सांगा की, काका." ते सांगेनात, तेव्हा तीच बोलली. नव्या चाकूचा खटका उजव्या हाताच्या माणसासाठी केलेला. डाव्या मुठीत धरून जोर दिला की बोटं नेमकी खटक्यावर येतात आणि पातं मिटतं. पहिल्याच दिवशी त्यांच्या बोटाला तीन टाके पडले. मला त्यांनी काटा लागला म्हणून सांगितलं होतं. मग ते उजव्या हातानं कापायला लागले. काप वाकडे आले, दोनशे कलमं सुकली.

"मग दुसरा चाकू घ्यायचा होता," मी कसंबसं म्हणालो.

"आम्ही तेच म्हटलं. तर म्हणतात, जावयानं हौसेनं दिलाय. उद्या इथं आले आणि माझ्या हातात दुसरा दिसला तर काय वाटेल त्यांना?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सासरे तिला डोळ्यांनी दटावत होते. "चाकूचा काही दोष नाही," ते म्हणाले. "माझंच वय झालं."

मी तसाच घरी गेलो, खणातून जुना चाकू काढला आणि तासाभरात परत आलो. "टोक माझ्याकडून मोडलं," मी सांगितलं. "रंगाचा डबा उघडताना." मान वर होईना. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला, मोडलेली कड दगडावर थोडी घासली. "कलमाला टोक लागतंच कुठं?" म्हणाले, आणि जवळची एक काडी उचलून डाव्या हातानं तासली. काप एका दमात आला, अगदी सरळ.

"मालकाला दाखवा ना हे."

"हंगाम संपला. पुढच्या वर्षी पाहू."

मी नवा चाकू परत मागितला, दुकानात बदलून आणतो म्हणालो. त्यांनी दिला नाही. "राहू दे. पट्ट्या कापायला फार छान आहे." आणि माझी खात्री पटावी म्हणून त्यांनी एक पट्टी कापूनही दाखवली, उजव्या हातानं.