बीप वाजायच्या आधी

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जमा करायचे असतात आकडे, पण माझ्याकडे किस्सेच साचून राहिलेत. काम तसं सोपं. जबलपूरच्या आजी-आजोबांना हेडफोन लावायचे. बीप ऐकली की त्यांनी बटण दाबायचं. ऐकल्यापासून बोट हलेपर्यंतचा वेळ, म्हणजे डोकं किती झरझर चालतं, ते लॅपटॉप मोजतो. सोपं म्हणे!

*

गढ्याच्या एक आजी बीप ऐकून नुसती मान डोलवायच्या. मी घाबरले. तिसऱ्या बीपला एकदाचं बटण दाबलं.

"आजी, थांबता काहून?"

"अगं, पहिल्या शिट्टीला कोणी गॅस बंद करतं का!"

*

सिहोऱ्याचे रिटायर्ड गुरुजी प्रत्येक बीपनंतर विचारायचे, "बिटिया, सही था ना?" मी घाईघाईत "जी, जी" म्हणेपर्यंत पुढची बीप निघून जायची.

लॅबच्या मॅडमनी फाइल बघितली. "यात स्लो कोण आहे? ते की तू?"

मला अजून कळलेलं नाही.

*

मग आले वानखडेकाका. तोफगोळ्यांच्या कारखान्यातून रिटायर. सूनबाई त्यांना त्यांच्याच स्कूटरवर मागे बसवून घेऊन आल्या.

"बाबांचं डोकं स्लो होऊन राहिलंय," चावी पर्समध्ये टाकत त्या म्हणाल्या. "रिपोर्ट खराब आला, तर स्कूटर बंद!"

काका माझ्याकडे असे बघत होते, की मी घाईघाईत त्यांना हेडफोन लावले.

"रेडी?" मी म्हटलं.

काकांनी दोन्ही हात कानांवर दाबले, डोळे मिटले अन् हा एवढा मोठा आ वासला! मी किंचाळलेच.

"बघा!" सूनबाई.

"रेडी म्हटलं ना तिने?" काका म्हणाले. "आमच्याकडे रेडीनंतर टेस्टिंगचा गोळा सुटायचा. कानाचे पडदे वाचवायला पूर्ण नोकरी हेच केलं."

*

मी "रेडी" म्हणणं सोडलं. तर आता काकांचं बटण बीपच्या आधी! एकदा नाही, दरवेळी. मॅडमनी केबल बदलली, लॅपटॉप बंद-चालू केला. तरी तेच.

"काका, बीप वाजल्यावर दाबायचं."

"कळलं जी. पण बीपच्या आधी ही पोरगी स्क्रीन बघून श्वास रोखते अन् खांदे उचलते. मग मी थांबू काहून?"

सूनबाईंनी पर्स काकांजवळच्या स्टुलावर टेकवली अन् आम्ही तिघी स्क्रीनवर वाकलो. वेळेच्या रकान्यात सगळीकडे वजाचं चिन्ह.

"मॅडम, हे फास्ट लिहू की चूक?"

मॅडमनी परत केबल हलवून बघितली.

"अच्छा, पण चावी द्यायची की नाही?" सूनबाई वैतागल्या.

तेवढ्यात खाली एक स्कूटर सुरू झाली. मी दचकले.

"आवाज बाबांच्या स्कूटरसारखा वाटतो, नाही?" सूनबाई म्हणाल्या.

आम्ही वळलो. खुर्चीवर नुसते हेडफोन होते.

सूनबाईंनी पर्स उघडली.