आखाजीचा पितर

लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासुरवाडीची आखाजी मी पाहिली नव्हती. आमच्या सांगलीकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस-पुरी आणि दुपारची झोप. खानदेशात मात्र तिचं प्रस्थ दिवाळीएवढं. सासऱ्यांची उभी हयात सुरतेच्या रंगाईच्या मिलमध्ये गेली, पण पांडेसऱ्याच्या त्यांच्या सोसायटीत आखाजी अजून गावाकडच्यासारखीच होते. यंदा ती शुक्रवारी आली. मी पुण्यातल्या ग्रंथालयातून दोन रजा टाकल्या, पुढचे शनिवार-रविवार जोडून घेतले, आणि आम्ही दोघं गुरुवारी संध्याकाळी तिथे पोचलो.

निघण्याआधी बायकोने बजावलं होतं, "आई तुझ्या बाबांची घागर भरणार आहे. नाही म्हणू नकोस."

बाबा गेल्या श्रावणात गेले. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्याकडे आमरसाची दुसरी वाटी मागितली होती आणि मी ती दिली नव्हती. साखर वाढलेली होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझं काही चुकलं नव्हतं. त्यांनी रिकामी वाटी बोटाने पुसून घेतली, बोट चाटलं आणि पेपर उघडला. एवढंच. पण तेव्हापासून वर्षभर मला ती वाटी दिसत होती. एक वाढणं राहून गेलं होतं, आणि ते आता कुणाला वाढायचं हे कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सासूबाईंनी दोन मातीच्या घागरी मांडल्या. एक त्यांच्या घरच्या पितरांची, एक बाबांची. घागरीत पाणी, तोंडावर लहान मडकं, त्यावर खरबूज आणि सांजोऱ्या.

"व्याह्याची घागर कोण भरतं?" सासरे म्हणाले.

"मी भरते," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त पितर वेळेवर आणा."

या दिवशी घरच्या गेलेल्या माणसाच्या नावाने एका जिवंत माणसाला पाटावर बसवतात आणि पोटभर जेवू घालतात. तो पितर. त्याला आदल्या दिवशी आमंत्रण द्यायचं, त्याने उपाशी यायचं, आणि त्याने मागितलेल्या कशालाही नाही म्हणायचं नाही. बाबांचा पितर म्हणून सासऱ्यांनी त्यांच्या एका मावसभावाला सांगून ठेवलं होतं.

गॅलरीत उलट्या ठेवलेल्या खापरावर सासूबाई पुरणाचे मांडे टाकत होत्या. हातांवरच पोळी फिरवत, मोठी करत, कोपरापर्यंत नेत आणि मग अलगद खापरावर सोडत. बायकोनेही एक करून पाहिला. तो हातातच फाटला.

"पुण्यात काय खाता गं तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं.

"हा करतो स्वयंपाक," बायको माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"तरीच बारीक झालेत जावईबापू."

दीड वाजता मावसभाऊ आले. पाटावर बसले, ताटाकडे पाहिलं आणि जरा मागे सरकले. सासूबाईंना लगेच संशय आला. चौकशीत निघालं की सकाळपासून दोन घरी ते पितर होऊन आले होते. सोसायटीत माणसं थोडी आणि घागरी फार. आणि त्यांना कुणाला नाही म्हणवत नव्हतं.

"थोडी जागा आहे, वहिनी."

"तुमच्या पोटात दोन घरांचे पूर्वज बसलेत, भाऊजी. आमच्या व्याह्यांनी काय उभं राहायचं?"

मावसभाऊ खजील होऊन सोफ्यावर जाऊन बसले आणि पाचच मिनिटांत घोरू लागले. सासरे चपला घालून उपाशी माणूस शोधायला निघाले. बायकोला हसू आवरत नव्हतं. मी घागरीशेजारी बसून होतो. आता हेही राहून जाणार असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

पाऊण तासाने सासरे परतले ते त्यांच्या मिलमधल्या जुन्या सोबत्याला घेऊन. हे म्हातारबाबा शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहत. स्वच्छ पांढरा सदरा, हातात टोपी, चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. त्यांना या वर्षी कुणीच बोलावलं नव्हतं.

"का?" मी सासऱ्यांना हळूच विचारलं.

"शुगर आहे. सगळ्यांना माहीत आहे. त्यांची बायको सगळ्यांशी भांडते."

मी बाबांचं नाव घेऊन पाणी सोडलं, निखाऱ्यावर तूप आणि घास टाकला, आणि वाढायला बसलो. म्हातारबाबा मन लावून जेवत होते. भजी, कुरडई, मांडा. रसाची वाटी त्यांनी सगळ्यात आधी संपवली आणि पुढे केली.

"रस."

पातेल्यातला डाव माझ्या हातात होता. तो तसाच राहिला. माझ्या तोंडून जुनंच वाक्य निघालं.

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, बाबा."

ते माझ्याशी आतापर्यंत शुद्ध मराठीत बोलत होते. आता एकदम अहिराणीत आले. "मरेल मानूसले कसानी शुगर, जावईबापू?"

मेलेल्या माणसाला कसली आलीय साखर. सासरे आधी हसले, मग सासूबाई पदर तोंडाला लावून, मग सोफ्यावरचे मावसभाऊ जागे होऊन, काय झालं ते न कळताच. मीही हसलो. हसता हसता डोळे भरले, आणि कुणी तिकडे पाहिलं नाही. मी डाव बुडवला आणि वाटी भरली. अगदी काठोकाठ. म्हातारबाबांनी अर्धी प्यायली, वाटी खाली ठेवली, माझ्याकडे पाहून म्हणाले, "बस. गोड आहे." उरलेला रस त्यांनी पोळीला लावून सावकाश खाल्ला.

ते हात धुवत होते तोवर त्यांची बायको दारात आली.

"किती वाट्या?"

"दोन," मी म्हणालो. "मी वाढल्या."

"शिकलेले दिसता. ग्रंथालयात असता ना?"

"हो."

"शुगरबद्दल पुस्तकात लिहिलेलं नाही का काही?"

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग घागरीकडे पाहिलं. दुसरी घागर कुणाची, हे त्यांना बहुधा तेव्हा कळलं. आवाज जरा उतरला. "मग ऊन उतरलं की याला तासभर चालवा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

म्हणून साडेपाचला आम्ही दोघं निघालो. मिलच्या भिंतीच्या कडेने, सुट्टीमुळे बंद असलेल्या टपऱ्यांवरून. ते वाटेत मला रंगांबद्दल सांगत होते. लाल सोपा, काळा सगळ्यात अवघड. खरा काळा लागायला कापडाला धीर लागतो. दर शंभर पावलांवर ते थांबत आणि म्हणत, "झाला असेल तास."

"वीस मिनिटं झालीत, बाबा."

"घड्याळ बंद पडलंय तुमचं."

"चला," मी म्हणालो आणि त्यांच्या कोपराला धरलं. ते कुरकुरत चालू लागले.