खालच्या लोकांचे काका

नरकाची इतकी आपुलकीने चौकशी करणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या पदरी पडला होता. पन्नासच्या दशकात काका जयपूरच्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवत. शिकायला फारसं कुणी येत नसे, त्यामुळे त्यांची विद्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर सांडे. मे महिन्यात घाम पुसत कुणी "काय हा नरक" म्हणालं, की ते खुर्ची पुढे ओढत. "लॅटिनमध्ये इन्फेर्नुस म्हणजे नुसतं खालचं. आपल्या संस्कृत 'अधर'चा सख्खा चुलतभाऊ. ज्वाला मागाहून आल्या." मग नरकाची इटालियन इन्फेर्नो, स्पॅनिश इन्फिएर्नो, फ्रेंच आंफेर अशी नावं चांगल्या घरी दिलेल्या लेकींसारखी कौतुकाने घेत. रोमनांच्या पाताळाचा राजा ऑर्कुस पुढे इटालियन गोष्टींत पोरं खाणारा राक्षस झाला, ही पदावनती तर त्यांना स्वतःचं प्रमोशन हुकल्यापेक्षा जास्त लागली होती. दूधवाल्यालाही त्यांनी ती ऐकवली. तो म्हणाला, "मतलब, साहब, आज दूध नहीं चाहिए?"

शेजारच्या मेजरांची आई वारली तेव्हा काका भेटायला गेले आणि सांत्वन म्हणून म्हणाले, "रोमन लोक मेलेल्यांना इन्फेरी म्हणत, खालचे लोक. त्यात कमीपणा काही नाही." मेजर शांतपणे म्हणाले, "प्रोफेसर, चहा घ्या आणि घरी जा." दुसऱ्या दिवशी मावशी त्यांच्याकडे दुपारभर बसून आली. काकांनी उसवायचं आणि तिने टाके घालायचे, असा तो संसार होता. आपल्यामागे कुणीतरी टाके घालतं, याचा या पंडिताला पत्ताच नव्हता.

मग मावशीच आजारी पडली. डॉक्टरांनी हात टेकले. मी उशाशी होते. तिने काकांना विचारलं, "अहो, एवढी वर्षं ऐकतेय. तिथं खरंच काय असतं हो?"

काका बराच वेळ तिच्या पांघरुणाची घडी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "मला फक्त नावं ठाऊक आहेत गं."

"चालेल," ती म्हणाली. "तीच सांगा."

त्यांनी एकेक नाव सावकाश सांगितलं. ती ऐकता ऐकता झोपली. तीनच दिवसांनी गेली.

त्यानंतर काका चारचौघांसारखे हवापाण्यावर बोलू लागले. मेजरसुद्धा येऊन बसत. एका उन्हाळ्यात मीच मुद्दाम म्हणाले, "काका, आज अगदी नरक आहे."

"हो," ते म्हणाले, "फार उकडतंय," आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठले.