नानांचं गाव

टपरीच्या बाकावर सांडलेल्या चहात बोट बुडवून नाना गाव काढायचे. आधी एक वाकडी रेघ. "ही नदी. हा मारुती. इथं वेस. वरच्या अंगाला माळी, खाली कोळी, आणि मधे आमची भावकी." तोवर चहा सुकायचा. मग ते पुन्हा बोट बुडवायचे.

सुरतेजवळ भेस्तानच्या लूम कारखान्यात आमचे माग शेजारी होते. ते खानदेशातले, मी जालन्याकडचा. त्या खडखडाटात कानाशी ओरडल्याशिवाय काही कळत नाही; नाना तिथंही गावच ओरडायचे. "जुनं गाव पुरात गेलं ना, तेव्हा टेकाडावर पहिली झोपडी माझ्या पणजोबांनी घातली!" तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल. कोण कुणाचा मेहुणा, कुणाची म्हैस मारकी, सगळं मला न पाहता ठाऊक झालं होतं.

पोरं खिजवायची, "एवढं सोन्याचं गाव, मग इथं कशाला मरता नाना?"

"आमच्या गावात कुणी उपाशी झोपत नाही," एवढंच ते म्हणायचे आणि हसायचे.

मग प्लेगची साथ आली. सुरत रिकामी व्हायला लागली. त्यातच नानांच्या बायकोला ताप भरला. गल्लीतला डॉक्टर मलेरिया म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप लावून तोही पळाला.

"गावी नेतो," नाना म्हणाले. "तिथं हिला बघायला सगळं गाव आहे."

वेशीवर माणसं काठ्या घेऊन उभी होती. पुढे त्यांचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर त्याला नानांच्या बायकोनंच वाढवलेलं.

"नाना, आठेच थांबा, वेशीबाहेरच."

"अरे, मलेरिया आहे तिला!"

"गावानं ठरवलंय."

"आणि मी कोण रे? मी या गावचा नाही?"

मागून कुणीतरी ओरडलं, "तू सुरतवाला!"

दोघं शेतातल्या बाभळीखाली राहिली. भाऊ लांब दगडावर भाकरी ठेवून जायचा. बाई तिथंच गेली. गावानं मसणवटाही दिला नाही. नानांनी नदीच्या पात्रात एकट्यानं लाकडं रचली. काठावर माणसं बघत उभी होती आणि त्यातल्या प्रत्येकाचं नाव त्यांना येत होतं.

परत आल्यावर त्यांनी हे मला एकदाच सांगितलं. त्यानंतर गावाचा शब्द काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ काम शोधत सुरतेला आला. मी तेव्हा नानांकडेच बसलो होतो. खोलीच्या दारातच त्यानं नानांचे पाय धरले. "गावापुढं माझं काय चाललं असतं, नाना?"

नानांनी पाय सोडवून घेतले. तांब्याभर पाणी त्याच्यापुढं ठेवलं. तो प्यायला तसं मला म्हणाले, "पाहुण्यांना गाडीत बसवून या."

स्टेशनवर भाऊ आपणहून बोलला. "भाकरी ठेवायला गेलो की वहिनी हाक मारायची. पाणी दे रे बाळा, म्हणायची. नाना तेव्हा औषधासाठी तालुक्याला गेलेले असायचे. मी भाकरी ठेवून पळायचो."

मी त्याला गाडीत ढकलल्यासारखंच बसवलं.

परतलो तेव्हा नाना दारातच उभे होते.

"काही म्हणाला का?"

"नाही," मी म्हणालो.

"तोंडावरून तसं वाटत नाही," म्हणत ते आत वळले. महिन्याभरात खोली सोडून सुरतेबाहेरच्या सचिन वसाहतीकडे कुठंतरी कामाला गेले. जाताना पत्ता दिला नाही. मीही मागितला नाही.