टाचेखालची लाज

चपलांच्या दुकानात त्यांना सगळे मापकाका म्हणत. गिऱ्हाईक दारातून आत येऊन बाकावर टेकेपर्यंत त्याच्या पायाचं माप यांच्या डोक्यात तयार असे. मोजायची लाकडी पट्टी नुसती शोभेला होती. बुटक्या स्टुलावर बसायचं, समोरच्याचा पाय हातात घ्यायचा, बूट चढवायचा, अंगठ्यापुढे जागा उरली का ते चाचपायचं. मिसरूड फुटल्यापासून हेच काम. लोकांचे चेहरे ते विसरत, पाय विसरत नसत.

आणि संध्याकाळी जेवताना हे दिवसभरात पाहिलेले पाय ताटात वाढले जात.

"आज एक साहेब आले होते. वर टाय, अंगाला अत्तर, आणि मोजा काढला तर नखं की कौलं!"

बायको म्हणे, "अहो, जेवताना कशाला ते?" पण तिलाही हसू आवरत नसे. मुलगी तर ठसका लागेपर्यंत हसे. मापकाकांना चेव चढे. ते उठून चालून दाखवत, भेगाळलेल्या टाचांचं वर्णन करत. "तोंडाला पावडर लावता येते, टाचेला नाही. माणूस ओळखायचा तर पायावरून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अशा माणसाच्या उजव्या टाचेखाली एक दिवस खडा टोचावा तसं टोचू लागलं.

बूट झटकून पाहिला, खडा नव्हता. न्हाणीघरात आरसा जमिनीवर ठेवून त्यांनी पाय पाहिला. वाटाण्याएवढी खरखरीत जागा होती आणि तिच्यात काळे बारीक ठिपके. कुरूप असेल, नाहीतर काटा मोडून आत राहिला असेल, असं त्यांनी ठरवलं. गिऱ्हाइकांना ते असंच छातीठोकपणे सांगत आले होते. मग रोज अंघोळीच्या वेळी कडी लावून वजरीनं ती जागा घासायची, रक्त आलं की पाणी ओतायचं, आणि वजरी परत कोनाड्यात, घरातल्या सगळ्यांसाठी होती तिथे ठेवायची.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे पाय दाखवायचा. बाकावर आपण बसायचं आणि दुसऱ्या कुणीतरी आपली टाच हातात घेऊन बघायची, या कल्पनेनंच त्यांच्या अंगावर काटा येई. ते लंगडायला लागले तेव्हा दुकानातली माणसं म्हणाली, "मापकाका, तुम्हालाच बूट चावतो? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." तेही हसले आणि काऊंटरमागे गेल्यावर ओठ आवळून उभे राहिले.

शेवटी त्यांनी दुकानातलं चामडं तासायचं ब्लेड खिशातून घरी आणलं आणि तो काटा कोरायला घेतला. काटा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी टाच ठसठसू लागली, मग पाऊल तांबडं झालं, गरम झालं, सुजलं. जांघेत अवधाण येऊन दुखरी गाठ लागायला लागली. त्यांनी पायाला चिंधी बांधली, मोज्यात भरपूर पावडर ओतली आणि कामावर गेले.

त्या दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या बुटाची नाडी बांधून झाल्यावर त्यांना स्टुलावरून उठता येईना. अंग तापानं थरथरत होतं. मालक धावत आले. "काका, पाय बघू."

"काही नाही, मालक. जरा मुरगळलाय."

मालकांनी ऐकलं नाही. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवून त्यांचा बूट काढला. मोजा पुवाला चिकटला होता, तो सोडवताना घाण वास सुटला. समोरची बाई लेकराला घेऊन दोन पावलं मागे सरकली. मापकाकांनी डोळे मिटून घेतले. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

बायको निरोप मिळून थेट दवाखान्यात आली. डॉक्टरीण तरुण होती. तिनं नाक मुरडलं नाही, घाईही केली नाही.

"कशानं कोरलंत?"

"ब्लेडनं."

"नवं होतं?"

मापकाकांनी नजर खाली वळवली. ते उत्तर तिला पुरलं. तिनं जखम धुतली, रक्तातली साखर पाहिली, इंजेक्शन दिलं आणि पेनानं लालीच्या कडेनं पायावर रेघ ओढली. "लाली या रेघेबाहेर गेली, ताप चढला किंवा पायावरून लाल पट्टा वर जाताना दिसला, तर वाट बघायची नाही, तडक यायचं. पाय उशीवर उंच ठेवायचा. गोळ्या बरं वाटलं तरी पूर्ण संपवायच्या."

"आणि तो काटा?"

"काटा नाहीच. कुरूपही नाही. तुम्हाला दोन वेगळी दुखणी आहेत. पू, सूज, ताप हे जंतूंचं काम. त्यांना ब्लेडनं तुम्हीच आत वाट करून दिलीत. मुळात आहे ती चामखीळ, ती विषाणूमुळे होते. या गोळ्या तिला लागू पडायच्या नाहीत."

"चामखीळ? पायाला?"

"तळपायावर वजन पडतं, म्हणून ती बाहेर वाढत नाही, आत दबते. कुरुपावर सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की कळ येते. कुरुपावर कातडीच्या रेघा दिसतात, चामखिळीपाशी त्या तुटतात. काळे ठिपके म्हणजे बारीक शिरांमध्ये गोठलेलं रक्त. ते कोरत होतात तुम्ही." मग तिनं दोघांकडे पाहून विचारलं, "घरात अजून कुणाला आहे? वजरी, टॉवेल, चपला एकमेकांच्या वापरता?"

"छे, कुणाला नाही," मापकाका पटकन म्हणाले. बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

लाली रेघेच्या आत आत सरकू लागली, ताप उतरला. मापकाका घरी उशीवर पाय ठेवून पडून होते. त्यांनी बायकोला ती वजरी फेकून द्यायला सांगितलं. ती फेकून आली, पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं पायातले मोजे काढले.

तिच्या चवड्याखाली तशाच खरखरीत जागांचा पुंजका होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही त्या बँकेतल्या बाईच्या पायाची गंमत सांगितली होतीत. तळवा की किसणी, म्हणाला होतात. मी टेबलाखाली पाय आखडून घेतले. दुसऱ्या दिवसापासून मोजे घालायला लागले."

"मला वाटलं, फरशी गार लागते तुला."

"तसं मीच सांगितलं होतं."

"अगं, पण मला सांगायचंस ना."

"तुम्हाला?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मग ते जेवताना निघालं असतं."

मोजे पुन्हा चढवत ती म्हणाली, "लेकीच्याही बोटांना आहेत. शाळेत पट्ट्या लावून जाते. विचारलं की सांगते, कागदानं कापलं. मला कळलंय हे तिला ठाऊक नाही."

दुकानात मोजा सोलला गेला तेव्हाची लाज परक्यांसमोरची होती, ती आता त्यांना फार किरकोळ वाटली. तीन माणसांचं घर, तिघांना एकच दुखणं, आणि तिघं एकमेकांपासून कडी लावून बसलेली. ती कडी कुणी लावायला शिकवली, हे त्यांना विचारावं लागलं नाही. एकेका संध्याकाळचं हसणं त्यांना आठवत गेलं. या दोघी हसायच्या केव्हा थांबल्या होत्या, हे मात्र आठवेना. त्यांचं लक्षच नव्हतं.

मुलगी शाळेतून आल्यावर त्यांनी तिला हाक मारली. ती दारात उभी राहिली, हात पाठीमागे.

"हात बघू."

"कशाला? हसायला?"

त्यांनी स्वतःच्या पायाची पट्टी सोडली आणि टाच तिच्याकडे वळवली. तिच्या तोंडून "ई" निघून गेलं आणि ती लगेच खजील झाली.

"हसलीस तरी चालेल," ते म्हणाले.

ती हसली नाही. "दुखत होतं का बाबा तुला?" एवढंच तिनं विचारलं. हात त्या दिवशी दाखवले नाहीत. दाखवले ते आठवड्यानं, तेही डॉक्टरणीला, बापाला खोलीबाहेर थांबायला सांगून. ते मुकाट्यानं बाहेर थांबले.

डॉक्टरीण म्हणाली, कुणाकडून कुणाला गेलं हे सांगता यायचं नाही, कदाचित बायकोलाच आधी झालं असेल. मापकाकांना हे पळवाटेसारखं वाटलं आणि त्यांनी ते घेतलं नाही. तिघांना रोज पाय-हात कोमट पाण्यात भिजवून औषध लावायचं होतं, वर चिकटपट्टी, प्रत्येकाची घासणी वेगळी, टॉवेल वेगळा. मुलीच्या बोटांवरच्या चामखिळी आधी गेल्या. बायकोच्या चिवट निघाल्या, त्या गोठवून घ्याव्या लागल्या. जेवताना घरात बराच काळ चमच्यांचाच आवाज असे.

दुकानात मालकांनी त्यांना काही दिवस आत खोक्यांच्या खोलीत बसवलं. त्या दुपारचा पाय गिऱ्हाइकांनी पाहिला होता, हे दोघांनाही माहीत होतं. बाहेर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात एका बाईच्या टाचेवर त्यांना काळे ठिपके दिसले आणि ते उत्साहानं म्हणाले, "बाई, हे कुरूप नव्हे, चामखीळ आहे बरं का, डॉक्टरला दाखवा." शेजारच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिलं. बाईचा चेहरा पडला. तिनं आपले बूट घातले आणि काही न घेता निघून गेली. नुसतं खरं सांगून भागत नाही, हे मापकाकांना दाराकडे बघताना उमगलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक ड्रायव्हर आला. मोजा काढायला तयारच होईना, मोज्यावरूनच माप घ्या म्हणाला. मापकाकांनी घेतलं. बूट घालताना त्यानं टाच टेकली नाही, तेव्हा नाडी बांधायच्या निमित्तानं खाली वाकून ते हळूच म्हणाले, "मला झालं होतं इथं. ब्लेडनं कोरलं आणि पाय गमवायची वेळ आली. तुम्ही कोरू नका. औषध आहे."

ड्रायव्हर तितक्याच हळू आवाजात म्हणाला, "घरच्यांना लागतं का हो हे?"

"लागतं. पण घाबरण्यासारखं नाही."

"मग त्यांना काय सांगायचं?"

"आधी आपला पाय दाखवायचा," मापकाका म्हणाले, आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.